नगराऱ्यांना ऊन बाधतं

१ डिसेंबर, रविवार

…मग कूलरची टाकी भरली. खस कोरडी पडली होती, तिच्यावर वरून पाणी ओतलं. कणीक मळली, वरणाला फोडणी दिली, आणि कांदा सोलून यांच्या खिशात ठेवला. शिबिरात हे रेफ्री असायचे, आणि रेफ्रीच्या शर्टाला खिसा नसतो. मी आतल्या बाजूने एक शिवून दिला होता, खास कांद्यासाठी. हे जिना उतरले तेव्हा मी गच्चीवर गादी झटकत होते. वर बघून म्हणाले, "संध्याकाळी आंबे आणतो." ऊन अजून चढलं नव्हतं. उन्हाळी शिबिर सकाळचंच ठेवतात, ते त्यासाठीच. दोन पोळ्या व्हायच्या राहिल्या होत्या तेवढ्यात खालून हाका आल्या.

हे गेले ती सकाळ अशी मधूनच सुरू होते, कुठेही. आज प्रीतीने फिक्स्चरचा कागद दाखवला तेव्हा सुरू झाली.

कागदावर सगळ्या कॉलेजांची नावं रेघांनी जोडलेली आहेत. सगळ्यात वर प्रीतीचं कॉलेज, नावापुढे १. मागच्या वर्षी विद्यापीठाची बास्केटबॉल स्पर्धा त्यांनी जिंकली, म्हणून यंदा पहिलं मानांकन. मानांकनाच्या चार टीमना सुरुवातीच्या फेऱ्या खेळाव्या लागत नाहीत. बाय मिळतो. थेट क्वार्टर फायनल.

धम्मानंद भाऊजी सोबत आले होते. ते यांचे धाकटे भाऊ. हे गेल्यावर कॉलेजने यांच्या जागी कोच म्हणून त्यांनाच घेतलं, तेव्हापासून प्रीती त्यांना घरी काका म्हणते आणि ग्राउंडवर सर. जिन्याच्या वळणावर ते कठडा धरून बराच वेळ उभे राहिले.

"काय भाऊजी, दमलात? पायऱ्या वाढल्या का आमच्या?"

"वाढल्या न वहिनी. तुम्ही गुपचूप बांधून राहिल्या, आम्हाला पत्ताच नाही."

हसले, पण चहा घेतला नाही. पाणी मागितलं.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं वाचन माझं मीच केलं, आधी यांच्या पेपरातलं खेळाचं पान, मग विहाराच्या वाचनालयातली पुस्तकं. लिहायची सवय नव्हती. हे गेल्यावर लागली. घरात बोलायचं पुष्कळ उरतं.

३ डिसेंबर, मंगळवार

सदरला भैयाजींच्या खेळाच्या दुकानात मी जर्सीवर नंबर शिवते. बाकीचे नंबर चिकटवून देतात. चिकटवलेला नंबर घामाने सुटतो असं भैयाजींचं म्हणणं आहे, म्हणून माझी मशीन चालू आहे.

आज प्रीतीच्या टीमचा गठ्ठा आला. तिचा नंबर सात, यांचाही सातच होता.

भैयाजी म्हणाले, "मायाबाई, ह्या जरा डबल टाके मारून शिवा. बायवाल्या टीमले पहिल्याच मॅचमध्ये झटका बसते."

"भैयाजी, ती माझ्या पोरीची टीम आहे."

"म्हणून तं सांगून राहिलो."

पण हे सुद्धा तेच म्हणत. बाकीच्या टीम दोन मॅच खेळून आलेल्या असतात, त्यांना हॉलचा फ्लोअर कळलेला असतो, रिंग कळलेली असते. पहिल्या नंबरची टीम नुसती बसून असते, आणि सगळे तिला चांगलं म्हणत असतात. पडली की लोक म्हणतात, नशीब. हे म्हणायचे, नशीब वगैरे काही नाही. पहिल्या नंबरच्या टीमचं दुखणं कोणी बघत नाही, कारण ती जिंकत असते.

म्हणून बाय असला की हे त्या दिवशी टीमला डबल प्रॅक्टिस द्यायचे. भाऊजींनी ते त्यांच्याकडूनच घेतलं आहे. त्याहून थोडं जास्तच.

६ डिसेंबर, शुक्रवार

पांढरी साडी काढली. विहारात मेणबत्त्या लावल्या. वंदनेला सगळे उभे राहिले तेव्हा प्रीती मध्येच खाली बसली, डोकं गुडघ्यांत. हात थंड होते. बाजूच्या बाईने खडीसाखर दिली.

"आई, काही नाही. उठले न एकदम."

घरी आल्यावर तिने जेवण नीट केलं. मीही सोडून दिलं.

९ डिसेंबर, सोमवार

स्पर्धा सुरू झाली. प्रीतीच्या टीमला बाय होता, म्हणून सकाळ-दुपार ग्राउंडवर प्रॅक्टिस. चार वाजायच्या सुमारास भाऊजी तिला बाइकवर मागे बसवून घेऊन आले. खुशीने, म्हणजे तिच्या टीममधल्या मुलीने, मागून तिला धरलेलं. तिघं एका गाडीवर.

बास्केटकडे धावत जाताना ती पडली. पाय अडकला नाही, कोणी धक्का दिला नाही. खुशी म्हणाली, "काकू, ती पडली तेव्हा हात पुढे केलेच नाही तिनं. जसं बटण बंद केलं." हनुवटी खरचटली आहे. डोळे उघडायला थोडा वेळ लागला.

"ऊन लागलं तिले," भाऊजी म्हणाले. "टोपी घालत नाही. नगराऱ्यांना ऊन बाधते, माहीत आहे न तुम्हाला."

मला माहीत आहे. लग्न होऊन नगराऱ्यांच्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं, ह्या घराच्या माणसांना ऊन बाधतं, कांद्याशिवाय बाहेर पाठवायचं नाही. सासरे मिलच्या फाटकाशी ऊन लागून गेले, चाळिशीसुद्धा झाली नव्हती. हे लहानपणी दोनदा ऊन लागून पडले होते. मग मे महिन्यातली ती सकाळ. दवाखान्यात विचारलं, उन्हात होते का? आम्ही सगळे एका आवाजात हो म्हणालो. त्यांनी बर्फ लावला.

प्रीतीच्या तळपायांना काशाच्या वाटीने तूप घासलं. कांद्याचा रस कानामागे लावला. चिंचेचं पाणी दिलं. ती पडून होती आणि मला हसत होती. "आई, माझी कोशिंबीर करून राहिली का तू?"

संध्याकाळी उठून तिने बूट पुसले.

१० डिसेंबर, मंगळवार

जाताना जरीपटक्याच्या बाजारातून कांदे घेतले आणि पिशवी दुकानात टेबलाखाली ठेवली. भैयाजींनी विचारलं, एवढे कशाला? मी सांगितलं, प्रीतीला ऊन लागलं.

भैयाजींनी गल्ल्यामागून मान वर केली. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर. "मायाबाई, डिसेंबरात? मले तं सकाळपासून ऊन सापडून नाही राहिलं. कुठं मिळते ते सांगा, मीही जाऊन बसतो."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मला राग आला. त्यांचं घर वेगळं, त्यांना काय कळणार असं वाटलं. दिवसभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

१२ डिसेंबर, गुरुवार

क्वार्टर फायनल. मी सुट्टी घेऊन विद्यापीठाच्या इनडोअर हॉलवर गेले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. फ्लोअरवर बूट घासल्याचा तो आवाज ऐकला आणि दारातच थांबले. मग आत गेले.

समोरची टीम उमरेडकडच्या एका लहान कॉलेजची होती. दोन मॅच खेळून आलेल्या पोरी. त्या सुरुवातीपासून पुढे. बायमध्ये बसलेल्या आमच्या पोरींचे हात जड पडत होते, चेंडू रिंगला लागून बाहेर येत होता. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "पहिला नंबर गेला गा, गेला!" त्याच्या आवाजात आनंद होता. पहिल्या नंबरच्या टीमला आपली माणसं सोडून कोणीच नसतं.

शेवटी प्रीतीनेच ओढली मॅच. थोडक्यात जिंकले. सगळ्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या आणि प्रीती बास्केटच्या खांबाला पाठ लावून एकटी उभी होती. एक हात छातीवर. ओठ राखेसारखे.

मी हा चेहरा पाहिला आहे. हे खांबाशीच बसले होते, आणि मी धापा टाकत पोचले तेव्हा ओठांचा रंग हाच होता.

भाऊजी टाळ्या वाजवत तिच्याकडे गेले आणि दोघं थोडा वेळ खांबाला टेकून उभे राहिले, काका आणि पुतणी, सारखेच. तेही धापा टाकत होते. ते तर नुसते बाकावर बसून होते.

हॉलच्या आत ऊन नसतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी केस विंचरताना प्रीती सहज बोलली. धावताना कधी कधी गळ्याशी काहीतरी फडफडतं. पारवा अडकल्यासारखं. मग थांबतं आणि सगळं काळं होतं, मग परत दिसायला लागतं.

"केव्हापासून?"

"मागच्या वर्षीपासून. काकाला नको सांगू. बसवून ठेवतील मला."

मी भीतीचं असेल म्हणाले. पहिल्या नंबरचं ओझं आहे, सगळ्यांचे डोळे तुझ्यावर. तिला बरं वाटलं. मला ते वाक्य बोलताना बरं वाटलं नाही.

दुपारी भाऊजींना फोन केला आणि तिचं नाव न घेता विचारलं, धावताना असं फडफडतं का कोणाचं?

"माझंच फडफडते न वहिनी. दादाचंही व्हायचं. खेळाडूचं कलेजं मोठं असते, आवाज करते." आणि हसले.

१४ डिसेंबर, शनिवार

सेमी फायनल जिंकले. मी गेले नाही. शिवताना सुई बोटात गेली, जर्सीला डाग लागला, ती परत धुतली.

भैयाजींचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. राग उतरला होता आणि नुसतं बोलणं राहिलं होतं. डिसेंबरात ऊन कुठं मिळते?

कामठीला इंदुआत्यांना फोन केला. ह्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण, त्या पिढीतल्या ह्याच उरल्या आहेत. कानाने कमी ऐकतात, पण बाकी सगळं जागेवर आहे.

"आत्या, मामंजी गेले तेव्हा कोणता महिना होता?"

"महिना काय सांगू वं पोरी? काहून विचारून राहिली?"

"असंच. आठवतं का?"

"आठवत काहून नाही. आम्ही दसऱ्याले दीक्षाभूमीवरून आलो, त्याच्या पंधरा दिवसांनं असंन. थंडी पडू लागली होती. माह्या हातचा स्वेटर होता त्याच्या अंगात, निळा. मिलवर उशीर झाला म्हणून पळत गेला आन् फाटकातच पडला. दवाखान्यात स्वेटर कापून काढला त्यायनं. मले त्याचंच लई वाईट वाटत राहिलं, बाई. नवाच होता."



"मग आत्या, स्वेटर घातलेल्या माणसाला ऊन कसं लागलं?"

 प्रश्न त्यांना दोनदा ऐकवावा लागला. मग म्हणाल्या, "आपल्या घराले बाधतेच न वं ऊन."

१५ डिसेंबर, रविवार

भाऊजींना घरी बोलावलं. प्रीती समोर होती. मी सगळं सांगितलं. सासऱ्यांचा स्वेटर, यांची कोवळ्या उन्हातली सकाळ, प्रीतीचं थंडीत पडणं, हॉलमधले राखेसारखे ओठ. ऊन नाही हे. हे दुसरं काहीतरी आहे आणि ते ह्या घरात फिरतं आहे. उद्या फायनलच्या आधी तिचा कार्डिओग्राम काढायचा.

भाऊजी आधी ऐकत होते. मग त्यांचा चेहरा बंद झाला.

"वहिनी, तुम्ही पुस्तकं वाचता, चांगलं आहे. पण दादाचं नाव काढून पोरीले घाबरवू नका. फायनल बघायला निवड समिती येऊन राहिली. ही उद्या खेळली तं विद्यापीठाच्या टीममध्ये जाते. नाही खेळली तं पुढच्या वर्षी कोण विचारणार तिले? दादाचं स्वप्न होतं हे."

"यांचं स्वप्न मला माहीत आहे. जर्सी मी शिवली आहे."

"एक दिवस. फायनल होऊ द्या, परवा मी स्वतः नेतो."

"तुम्हीही दाखवून घ्या, भाऊजी. तुम्हालाही फडफडतं."

"मले काही नाही झालं!" आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. चप्पल घालताना त्यांनी भिंत धरली.

ते गेल्यावर प्रीती बोलली. रडत नव्हती. "आई, बाबांना काहून नाही थांबवलं मग तू?"

"मला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे?"

"नाही. पण आता शंका आहे. शंका असताना तुला पाठवलं, तर पुढे मला लिहिता-वाचता येणार नाही."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. वर्गात, रस्त्यावर, सगळीकडे तिला पहिल्या नंबरची मुलगी म्हणून ओळखतात. ते तिच्या पाठीवरून उतरवून ठेवायला मी सांगत होते. माझं चुकत असेल तर ती मला कधी माफ करणार नाही, आणि त्यात तिचं बरोबरच असेल. मला वाटत होतं माझं चुकावं.

"कार्डिओग्राम नीट निघाला तर?"

"तर तिथून थेट तुला हॉलवर सोडते, आणि पहिल्या रांगेत बसून ओरडते."

"तुला ओरडता येते का?"

"शिकेन."

नाही निघाला तर काय, हे तिने विचारलं नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं आहे. सदरकडे जाणारे रस्ते बंद, जागोजागी पोलीस. ऑटो फिरून फिरून दवाखान्यात गेला. प्रीती मांडीवर किटबॅग घेऊन बसली होती, जर्सी आतून घातली होती, वरून जॅकेट.

कार्डिओग्राम काढणाऱ्या मुलीने कागद बघितला, प्रीतीकडे बघितलं, आणि पुन्हा काढला. मग आत जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आली. त्यांनी सोनोग्राफीसारखी दुसरी तपासणी केली, हृदयाची. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर ते हलताना मी बघितलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. डॉक्टरबाई काहीच बोलत नव्हत्या, ते कळत होतं.

हृदयाच्या मधली भिंत जाड झाली आहे. खूप. जोरात धावलं की रक्त पुढे जायला वाट पुरत नाही, आणि ठोके चुकले की माणूस पडतो. कधी उठतो. औषधं आहेत, पुढे एक यंत्रही बसवता येतं, माणूस नीट जगतो. पण आजपासून धावायचं नाही.

"मॅडम, फक्त आजची मॅच," प्रीती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाळा, आतापर्यंतच्या मॅच तू कशा खेळलीस, मला कळत नाही."

प्रीतीने जर्सी तिथेच काढली. घडी केली, नंबर आत गेला अशी. बॅगेत ठेवून चेन लावली.

मग डॉक्टरबाईंनी मला विचारलं, घरात असं कोणाचं झालं आहे का? मी सांगितलं. ऊन म्हणाले नाही. त्यांनी विचारलं, वडिलांचे सख्खे भाऊ-बहीण कोणी? हे रक्तातून येतं, त्यांनाही लवकर बोलवा. त्यांना चालताना, चढताना काही होतं का?

मी म्हणाले, जिना चढताना कठडा धरतात.

१७ डिसेंबर, मंगळवार

पहिल्या नंबरची टीम काल फायनल हरली. पेपरात तेवढ्यापुरत्या ओळी आहेत, "अव्वल मानांकित संघाला धक्का". आठवी खेळाडू म्हणून बसलेली खुशी प्रीतीच्या जागी खेळली. चांगली खेळली म्हणे.

प्रीती पलंगावर भिंतीकडे तोंड करून आहे. गोळी देते ती घेते.  सकाळी मी तिच्या श्वासाकडे बघत बसले होते, तर न वळता म्हणाली, "चालू आहे, आई." 

भाऊजींना कालपासून फोन करते आहे. एकदाच उचलला. "पहिल्या नंबरची टीम तुम्ही पाडली, वहिनी. दादा असता तं." पुढचं वाक्य त्यांना धाप लागल्यामुळे पूर्ण झालं नाही. मी रिपोर्टचं सांगायला लागले तर फोन ठेवला. नंतर बंदच. त्यांच्या शेजाऱ्यांना फोन करून विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी हरलेल्या टीमला उद्या पहाटेच ग्राउंडवर बोलावलं आहे. म्हणे, आता मी स्वतः सोबत धावतो, बघतो कोण दमते.

हे असते तर म्हणाले असते, पहिल्या नंबरच्या टीमचं दुखणं कोणी बघत नाही. स्वतःचं त्यांनीही बघितलं नाही. मी खिशात कांदा घालत राहिले.

१८ डिसेंबर, बुधवार

खुशीला ग्राउंडवर जाऊ न देता प्रीतीजवळ बसवलं आणि उजाडायच्या आत बेशाला भाऊजींच्या घरी गेले. धुकं होतं. भाऊजी गेटमधून बाइक बाहेर काढत होते, गळ्यात शिटी, अंगात स्वेटर. मी बाइकची चावी काढून पदरात बांधली, धापेमुळे त्यांना भांडता येईना तेव्हाच त्यांना ऑटोत बसवलं आणि डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले.